लॅब्रमची रुंदी मोजताना: दोन बिंदू, एक छेद आणि अर्धा मिलिमीटर

लॅब्रम म्हणजे खुब्याच्या उखळीच्या हाडाच्या कडेवरचं तंतुमय कडं. खुब्याच्या एमआरआय रिपोर्टमध्ये 'लॅब्रम लहान आहे' एवढंच लिहिलं तर सर्जनच्या हाती काही लागत नाही. 'रुंदी ४.८ मिमी' हा आकडा त्याहून भारदस्त दिसतो खरा. पण तो कोणत्या छेदात, कुठून कुठपर्यंत आणि उखळीच्या कोणत्या भागात मोजला हे सोबत नसेल, तर त्याचीही किंमत तेवढीच. आकारावरून ठरणारे निर्णय मात्र मोठे असतात. फाटलेला लॅब्रम टाके घालून जागेवर बसवायचा, की तो इतका बारीक आहे की ग्राफ्ट (दुसरीकडून घेतलेली ऊती) लावून नवा बांधावा लागेल? उखळी उथळ असल्याने लॅब्रम फुगून मोठा झाला आहे का? सांधा हवाबंद ठेवण्याइतका तो उरला आहे का? अशा प्रश्नांसाठी हा आकडा मागितला जातो.

बहुतेक प्रौढांमध्ये लॅब्रमची रुंदी साधारण ५ ते ८ मिमी असते. ४ किंवा ५ मिमीपेक्षा कमी असेल तर त्याला अपुरी वाढ झालेला लॅब्रम म्हणतात. ही सीमा कुणी ४ धरतं, कुणी ५. म्हणजे ज्या मोजमापात एक मिमीची चूक सहज होते, त्याच एका मिमीवर शस्त्रक्रियेचा प्रकार बदलू शकतो. म्हणून पुढचा सगळा खटाटोप.

कुठून कुठपर्यंत

कड्याला काटकोनात कापणाऱ्या छेदात लॅब्रम त्रिकोणी दिसतो. पाया उखळीच्या हाडाच्या कडेला चिकटलेला, टोक मोकळं आणि मांडीच्या हाडाच्या गोळ्यावर टेकलेलं. त्याची एक बाजू सांध्याच्या आत, दुसरी सांध्याच्या आवरणाकडे. रुंदी म्हणजे पायापासून टोकापर्यंतचं अंतर आणि जाडी म्हणजे पायाशी असलेली उंची. काही जण पहिल्यालाच लांबी म्हणतात, त्यामुळे रिपोर्टमध्ये शब्द कोणताही वापरा, पण दोन बिंदू सांगा.

टोकाचा बिंदू सापडतो. खरी पंचाईत पायाच्या बिंदूची. तिथे दोन पर्याय आहेत: हाडाची कड, किंवा कूर्चा संपून लॅब्रम सुरू होतो ती जागा. सांध्याच्या बाजूने कूर्चेचं लॅब्रममध्ये रूपांतर एक-दोन मिमीच्या पट्ट्यात होतं आणि हाडाची एक छोटी जीभ लॅब्रमच्या आत शिरलेली असते. त्यामुळे या दोन पर्यायांत आकडा एक ते दोन मिमीने सहज बदलतो.

हाडाची कड हा पर्याय ऐकायला पक्का वाटतो. पण एमआरआयवर हाडाचं कठीण कवच काळं आणि लॅब्रमही काळा. काळ्यावर काळं, सीमा दिसणार कशी? कूर्चा मात्र करडी असते. करडा रंग संपून काळा जिथे सुरू होतो ती जागा नीट दिसते, आणि दुर्बिणीतून सर्जनही तीच जागा पाहतो. म्हणून एमआरआयवर सांध्याकडच्या बाजूने कूर्चा-लॅब्रम जोडापासून टोकापर्यंत सरळ रेषेत मोजावं, असं माझं मत आहे. जोडावरच फाट असेल किंवा तिथली कूर्चा झिजलेली असेल तर नाइलाजाने हाडाची कड घ्यायची आणि तसं लिहायचं. सीटी आर्थ्रोग्राममध्ये (सांध्यात कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्रात उठून दिसणारं औषध, भरून काढलेल्या सीटीत) उलट परिस्थिती असते. तिथे हाड पांढरं आणि लॅब्रम करडा, त्यामुळे हाडाची कडच सोयीची. मात्र सीटीचा आकडा आणि एमआरआयचा आकडा एकाच तक्त्यात शेजारी मांडू नये.

कूर्चा आणि लॅब्रमच्या मध्ये कधी कधी एक गुळगुळीत, उथळ फट असते, विशेषतः मागे-खाली. ती जन्मजात असू शकते. कॉन्ट्रास्ट त्यात शिरतो आणि पाहणाऱ्याला फाट वाटते. मोजताना ही फट लॅब्रमच्या रुंदीतून वजा करायची नसते. तसंच आवरण आणि लॅब्रम यांच्यामध्येही एक खोबण असते. सांध्यात द्रव नसेल तर आवरण लॅब्रमला चिकटून बसतं, दोन्ही काळे, आणि जाडी मोजणारा आवरणासकट मोजून मोकळा होतो. समोरच्या-वरच्या भागात रेक्टस फिमोरिस या मांडीच्या स्नायूचं वळून येणारं टोकही आवरणाला अगदी लागून असतं, तेही त्यात गोवलं जातं.

घड्याळ लावणं

लॅब्रमची रुंदी सगळीकडे सारखी नसते, म्हणून जागा सांगावीच लागते. उखळीच्या तोंडाकडे सरळ पाहिलं असं समजून घड्याळाचे तास वापरतात: १२ वर, ३ समोर, ९ मागे, ६ खाली. डाव्या खुब्यात हे घड्याळ आरशात पाहिल्यासारखं उलटवायचं, म्हणजे दोन्ही बाजूंना ३ समोरच राहतात. हा नियम सगळे पाळतात असं नाही. म्हणून रिपोर्टमध्ये '३ = समोर' एवढं लिहिण्यात कंजुषी नको.

१२ कुठे, हा पुढचा वाद. टेबलावरच्या उभ्या रेषेवरून १२ ठरवले तर कंबर थोडी पुढे-मागे कललेल्या रुग्णात सगळे तास सरकतात. त्यापेक्षा उखळीच्या खालच्या खाचेतल्या आडव्या लिगामेंटचा मध्य ६ धरावा. खाली लॅब्रमचं कडं इथेच खंडित होतं आणि हे लिगामेंट ते पूर्ण करतं. ही खूण हाडाशी बांधलेली असल्याने कंबर कलली तरी बदलत नाही. दुर्बिणीतून पाहणारे सर्जन समोरच्या कडेवर सोआसच्या स्नायूपाशी येणाऱ्या खोलगट भागाला ३ मानतात, त्याच्याशी एकदा पडताळून पाहिलं तर दोघांचं घड्याळ जुळतं.

आता छेदाचा प्रश्न. नेहमीच्या कोरोनल छेदात (शरीराचे पुढचा-मागचा असे भाग करणाऱ्या) लॅब्रम १२ च्या आसपासच काटकोनात कापला जातो आणि ॲक्सियल छेद (वरचा-खालचा असे भाग करणारा) ३ पाशी ठीक पडतो. बहुतेक फाटी जिथे असतात त्या १ ते २ च्या भागात दोन्ही छेद तिरके जातात. तिरकेपणा पूर्णपणे रुंदीच्या दिशेत आला तर आकडा किती फुगतो ते साध्या त्रिकोणमितीत कळतं: खरी रुंदी ६ मिमी असेल तर ३० अंश तिरक्या छेदात ती ६.९ दिसेल, ४५ अंशांत ८.५. लॅब्रम थोडा बाहेर झुकलेला असल्याने रुंदी प्रत्यक्षात इतकी फुगत नाही, पण छेदाचं क्षेत्रफळ मात्र नेमकं त्याच पटीत वाढतं. क्षेत्रफळ मोजणाऱ्यांनी हे जास्त लक्षात ठेवावं.

यावर इलाज म्हणजे गोळ्याच्या केंद्रातून जाणारे, चाकाच्या आऱ्यांसारखे छेद. ते मशीनवरच घेता येतात किंवा तिन्ही दिशांना सारख्या जाडीच्या ३डी मालिकेतून नंतर काढता येतात. मला दुसरा मार्ग पसंत आहे, कारण चुकलेला अक्ष नंतर सुधारता येतो.

क्रम असा. ३डी मालिका तीन खिडक्यांच्या एमपीआरमध्ये (हव्या त्या दिशेचे छेद काढून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) उघडायची आणि स्लॅबची, म्हणजे एकत्र करून दाखवल्या जाणाऱ्या थराची, जाडी सगळ्यात कमी ठेवायची. सॉफ्टवेअर कधी कधी आपोआप ५ मिमीची सरासरी दाखवतं आणि मग टोक पुसट होतं. तिन्ही खिडक्यांत गोळ्यावर वर्तुळ बसवून क्रॉसहेअर त्याच्या केंद्रात न्यायचा. ॲक्सियल खिडकीत एक रेषा उखळीच्या पुढच्या आणि मागच्या कडेला समांतर होईपर्यंत फिरवायची. मग कोरोनलमध्ये तीच गोष्ट वरच्या कडेपासून खालच्या लिगामेंटपर्यंत करायची. आता तिसऱ्या खिडकीत उखळीचं तोंड समोर दिसतं. त्यात लिगामेंटचा मध्य शोधून ६ लावायचे आणि केंद्रातून जाणारी रेषा एकेक तासाने फिरवत जायचं. प्रत्येक वेळी शेजारच्या खिडकीत लॅब्रमचा काटकोनातला छेद येतो.

एक तास म्हणजे ३० अंश. केंद्रापासून २५ मिमी अंतरावर ३० अंशांचा कंस सुमारे १३ मिमी होतो. छोटी अरुंद जागा त्यात निसटू शकते. समोरच्या-वरच्या चतुर्थांशात तरी १५ अंशांनी जावं, म्हणजे दर साडेसहा मिमीला एक मोजमाप मिळतं. मागच्या भागात तासाला एक पुरे.

चित्र कसं घ्यावं

पूर्ण कंबरेच्या चित्रावर लॅब्रम मोजू नये. ४० सेमीचं क्षेत्र आणि ३२० चा मॅट्रिक्स (एका बाजूचे पिक्सेल) म्हणजे एक पिक्सेल १.२५ मिमी. ६ मिमीचा लॅब्रम जेमतेम पाच पिक्सेल झाला आणि दोन्ही टोकांना एकेक पिक्सेल चुकला तर आकडा अडीच मिमीने गेला. एकाच खुब्यावर लवचीक कॉइल बांधून १६ सेमीचं क्षेत्र घेतलं तर त्याच मॅट्रिक्सला पिक्सेल ०.५ मिमी येतो. ३डी मालिकेत ०.६ ते ०.८ मिमीचा घन मिळाला तर काम भागतं. मशीन ३२० चं चित्र ५१२ करून दाखवतं तेव्हा कडा गुळगुळीत दिसतात, माहिती वाढत नाही. दुसऱ्या ठिकाणाहून आलेल्या तपासणीत प्रत्यक्ष घेतलेला मॅट्रिक्स कोणता होता ते पाहिल्याशिवाय दशांशावर विश्वास ठेवू नये.

३ टेस्लाच्या मशीनचा (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं माप) फायदा आहे, पण त्यासोबत एक खोटही येते. चरबी आणि पाणी यांच्या वारंवारतेत १.५ टेस्लाला सुमारे २२० हर्ट्झचा फरक असतो, ३ टेस्लाला ४४०. बँडविड्थ (सिग्नल वाचण्याचा वारंवारता-पट्टा) पिक्सेलमागे २२० हर्ट्झ ठेवली तर ३ टेस्लावर हाडातल्या मगजाची चरबी दोन पिक्सेल सरकून बसते. एका बाजूला हाडाचं कवच जाड दिसतं, दुसऱ्या बाजूला जवळपास नाहीसं होतं आणि हाडाची कड आपल्या जागी राहत नाही. बँडविड्थ वाढवायची किंवा चरबीचा सिग्नल दाबायचा, हेच दोन उपाय.

लॅब्रम कोलॅजेनचा असल्याने मॅजिक अँगलचा त्रासही ठरलेला. कडं गोल आहे, म्हणजे त्याचा कोणता ना कोणता भाग मुख्य चुंबकीय क्षेत्राशी ५५ अंशांच्या जवळपास येणारच. टीई (सिग्नल वाचण्यापूर्वीचा एको-वेळ) कमी असेल तर तिथे काळा लॅब्रम करडा होतो आणि त्याची कड कूर्चेत मिसळते. टीई ४० मिलिसेकंदांच्या पुढे नेलेल्या दुसऱ्या मालिकेत तो भाग पुन्हा काळा झाला तर दोष चित्राचा होता. मात्र टीई फार लांबवला तर एकूण सिग्नल घटतो. ३डी टर्बो स्पिन एको मालिकेत एको-ट्रेन (एका फेरीत वाचलेल्या एकोंची रांग) लांबलचक ठेवली की लॅब्रमसारख्या कमी टी२ च्या, म्हणजे सिग्नल लवकर विझणाऱ्या, ऊतीच्या कडा धूसर होतात. वेळ वाचवण्याच्या नादात नेमकी हीच गोष्ट हातची जाते.

पाय हलू नयेत म्हणून दोन्ही अंगठे थोडे आत वळवून पावलं पट्टीने बांधतात. गुडघ्याखाली उशी ठेवलीच तर ती दोन्ही बाजूंना सारखी असावी. खुबा वाकलेला असला की समोरचं आवरण सैल पडून लॅब्रमवर घडी घालतं.

कॉन्ट्रास्ट सांध्यात टाकायचा की नाही? नुसतं मोजायचं असेल आणि ३ टेस्लाचं चांगलं चित्र मिळत असेल तर सुई टाळावी. पण आवरण लॅब्रमला चिकटलेलं दिसत असेल, किंवा फाट आणि आकार दोन्ही एकदमच ठरवायचं असेल, तर आर्थ्रोग्रामला तोड नाही. कॉन्ट्रास्टमधल्या गॅडोलिनियमचं प्रमाण लिटरमागे २ मिलिमोल असावं. लिटरमागे ५०० मिलिमोलचं औषध असेल तर ०.१ मिली औषध आणि एकूण द्रव २५ मिली, असा हिशोब पडतो. ०.१ मिली मोजायला १ मिलीची सिरिंजच घ्यावी, ५ मिलीच्या सिरिंजवर ते अंदाजपंचे होतं. औषध जास्त झालं तर सांधा उजळण्याऐवजी काळवंडतो. सांध्यात साधारण १० ते १५ मिली जातं. सिरिंज दाबायला जड लागू लागली की थांबायचं. जोर केला तर द्रव आवरणाबाहेर पसरतो आणि आवरणाच्या दोन्ही बाजू उजळल्याने लॅब्रमची बाहेरची कड ओळखू येत नाही.

हवेचा बुडबुडा हा या तपासणीतला सगळ्यात खोडकर पाहुणा. रुग्ण उताणा झोपलेला असतो, बुडबुडा वर चढतो आणि वर म्हणजे सांध्याची समोरची बाजू, जिथे आपल्याला मोजायचं असतं नेमकी तिथेच. काळा लॅब्रम आणि काळा बुडबुडा शेजारी आले की ५ मिमीचा लॅब्रम ७ चा दिसतो. बुडबुडा गोल असतो, ग्रेडियंट एको मालिकेत तो आकाराने मोठा होतो आणि लॅब्रम तसा होत नाही, हीच त्याची ओळख. त्यापेक्षा ट्यूबिंग आधीच द्रवाने भरून घ्यावी. शिवाय इंजेक्शननंतर अर्ध्या-पाऊण तासाच्या आत चित्रं घ्यावीत. उशीर झाला की द्रव शोषला जातो, सांधा परत मिटतो आणि सुई टोचल्याचा फायदा वाया जातो.

सोनोग्राफीत समोरचा लॅब्रम पांढऱ्या त्रिकोणासारखा छान दिसतो आणि प्रोब काटकोनात धरून तो मोजताही येतो. वरचा आणि मागचा भाग दिसत नाही, प्रोब थोडा कलला की पांढरा त्रिकोण काळा पडतो, आणि शरीर जाड असेल तर कमी वारंवारतेचा प्रोब लावून बारकावा गमवावा लागतो. समोरच्या एका जागेपुरती ती ठीक आहे.

मोजताना आणि लिहिताना

मोजमाप मूळ डायकॉम फाइलवरच (मशीनने तयार केलेल्या वैद्यकीय चित्राच्या फाइलवर) करावं. स्क्रीनशॉट किंवा जेपीईजीमध्ये पिक्सेलचं खरं माप उरत नाही, त्यावरची मोजपट्टी निव्वळ अंदाज असते. विंडो आणि लेव्हल (काळ्या-पांढऱ्यातला फरक आणि उजेड) ठरवून ठेवावी. विंडो अरुंद केली की पांढऱ्या द्रवाची कड लॅब्रमवर सरकल्यासारखी दिसते आणि टोक अर्धा मिमी तरी आखूड होतं. टोक जिथे निमुळतं होत जातं तिथे सिग्नल द्रव आणि लॅब्रम यांच्या मधोमध असतो ती जागा धरावी. आकडा अर्ध्या मिमीच्या पटीत लिहावा. ०.५ मिमीच्या पिक्सेलवरून ५.३७ लिहिणं म्हणजे सॉफ्टवेअरने दिलं म्हणून लिहिणं.

रुंदीसोबत स्थितीही लिहावी, कारण मोठा लॅब्रम म्हणजे चांगला लॅब्रम नव्हे. आतून खराब झालेला लॅब्रम सुजतो, गोलसर होतो आणि आवरणाशी असलेली खोबण भरून टाकतो. लॅब्रमच्या बिघाडाच्या चेर्नी यांच्या १९९६ च्या वर्गीकरणातले 'ए' आणि 'बी' हे उपप्रकार याच फरकावर बेतलेले आहेत: 'ए' मध्ये त्रिकोण आणि खोबण शाबूत, 'बी' मध्ये लॅब्रम जाड आणि खोबण गायब. ८ मिमीचा सुजलेला 'बी' लॅब्रम टाका धरेलच असं नाही. उथळ उखळीतही लॅब्रम मोठा असतो. तिथे विबर्गचा कोन (उखळी गोळ्याला किती झाकते ते सांगणारा) २० अंशांखाली आहे का, की २० ते २५ च्या सीमेवर, हे एक्स-रेवरून पाहून दोन्ही आकडे शेजारी द्यावेत. याउलट कड हाडाळलेली असेल तर उरलेला लॅब्रम अरुंद भरतो. तिथे 'अपुरी वाढ' लिहिणं चूक, तो भाग हाड झालेला आहे.

रिपोर्टमधली नोंद अशी असावी (आकडे नमुन्यादाखल; पीडी म्हणजे प्रोटॉन डेन्सिटी प्रकारची मालिका): 'उजवा खुबा, ३ टेस्ला, ३डी पीडी, ०.७ मिमी. ६ = आडव्या लिगामेंटचा मध्य, ३ = समोर. केंद्रातून जाणाऱ्या छेदांत, कूर्चा-लॅब्रम जोड ते मोकळं टोक: १२ ला ६.५, १:३० ला ४.५, ३ ला ५.५, ९ ला ६.५ मिमी. १ ते २ मध्ये जोडावर फाट असल्याने १:३० चं माप हाडाच्या कडेपासून.' चार ओळी लागतात, पण सर्जनला फोन करावा लागत नाही.

अभ्यासासाठी मोजणार असाल तर दोन जणांनी, एकमेकांचे आकडे न पाहता मोजावं, आणि प्रत्येकाने काही आठवड्यांनी तेच खुबे वेगळ्या क्रमाने पुन्हा मोजावेत. छेदही प्रत्येकाने स्वतः काढावेत. तयार छेद देऊन मोजायला सांगितलं की जुळणी फार छान येते, पण चुकीचा सगळ्यात मोठा वाटा अक्ष लावण्यात असतो आणि तो तर तपासलाच जात नाही. नुसता आयसीसी (मोजमापं किती जुळतात ते सांगणारा आकडा, १ म्हणजे पूर्ण जुळणी) देऊन थांबू नये. समजा गटातलं प्रमाण विचलन १.५ मिमी आणि आयसीसी ०.८५ आला. मोजमापाची प्रमाण त्रुटी झाली १.५ गुणिले ०.१५ चं वर्गमूळ, म्हणजे ०.५८ मिमी. दोन मोजमापांतला फरक खरा मानायचा तर तो त्याच्या २.७७ पट, म्हणजे १.६ मिमी तरी हवा. 'उत्तम' गणल्या जाणाऱ्या आयसीसीतही ४.५ आणि ५.५ मध्ये फरक करता येत नाही. ब्लँड-ऑल्टमन आलेखात (दोन मोजमापांतला फरक त्यांच्या सरासरीसमोर मांडणाऱ्या) हे लगेच दिसतं, आणि एक जण सातत्याने जास्त मोजतो का तेही कळतं.

एमआरआयचा आकडा दुर्बिणीतल्या आकड्याशी पडताळताना सर्जन खुणा असलेल्या प्रोबने मोजतो हे लक्षात घ्यावं. पाय ताणलेला असतो, सांध्यात दाबाने पाणी सोडलेलं असतं आणि फाटलेला भाग आपल्या जागेवरून सुटलेला असतो. बिंदू तेच असले तरी दोन्ही आकडे तंतोतंत जुळण्याची अपेक्षा ठेवू नये. आधीच टाके घातलेल्या खुब्यात तर अँकरभोवती (टाका हाडात धरून ठेवणाऱ्या खिळीभोवती) सिग्नल विस्कटतो आणि लॅब्रम आवरणाला चिकटून बसलेला असू शकतो. तिथे टोक स्पष्ट दिसत नसेल तर त्या तासापुढे 'मोजता येत नाही' असं लिहून कारण द्यावं आणि बाकीचे तास मोजावेत.